कंदीलवाला पडतो ती जागा

लोणावळ्याच्या घरातला पियानो माझा नाही. अनया, नील, तुम्ही दोघं सुट्टीत आलात की त्याला 'आजीचा पियानो' म्हणता आणि मी ते चालू देते. एरवी मी फारसं काही चालू देत नाही, हे तुमची आई तुम्हाला सांगेल. ओला टॉवेल पलंगावर दिसला की मी माणसाला जिन्यावरून परत वर बोलावते. पण पियानोच्या बाबतीत मी गप्प राहिले. तो मंदाचा आहे. त्याची धूळ मी पुसते, पावसाळ्यात त्याच्या पोटात दिवा मी लावते, तारा जुळवायला पुण्याहून माणूस मी बोलावते, आणि तो मंदाचा आहे. हे सगळं इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, तुम्हालाही वाचायला बरं पडलं असतं. पण इंग्रजीत मी फार समजूतदार होते, आणि ही हकिगत समजूतदार बाईची नाही. तेव्हा आई वाचून दाखवेल तेव्हा शांत बसून ऐका.

आमचं घर म्हणजे खाली चिक्कीची भट्टी, पुढे रस्त्याच्या बाजूला दुकान आणि वर राहायच्या दोन खोल्या. गुळाचा वास वर यायचा तो कपड्यांत, उशीत, माझ्या शाळेच्या वह्यांत मुरायचा. कॉन्व्हेंटमधल्या मुली माझ्या दप्तराला नाक लावून हसायच्या आणि मधल्या सुट्टीत त्याच दप्तरातली चिक्की मागायच्या. सकाळी पाक चढायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकायचे. तो कडक होऊन वाटीच्या तळाला टण् वाजला की हाक यायची, "घ्या!" मग भाजलेले दाणे कढईत, सगळं तेल लावलेल्या फळीवर, आणि थंड व्हायच्या आत लाटणी धावू लागायची. लोणावळ्याच्या हवेत चिक्की क्षणात सादळते, म्हणून कापली की लगेच कागदात. पॅकिंगची खोली दुकानाच्या मागे होती, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. घरातल्या प्रत्येकाने तिथे बसून चिक्की गुंडाळलेली आहे, आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत होते तेव्हा आप्पांनी दुकानाच्या कडेला व्हिडिओ गेमचं मशीन ठेवलं. ते मुंबईच्या एका माणसाचं होतं. आप्पांचा हिशेब असा की आईबाप चिक्की चाखत उभे असतात तेव्हा पोरं कंटाळून ओढाओढ करतात, त्यांना गुंतवायला काहीतरी हवं. काळं, कपाटाएवढं मशीन, त्यावर जपानी अक्षरं. पडद्यावर एक बुटका माणूस हातात कंदील घेऊन गुहेत उतरायचा. कंदिलातलं तेल संपायच्या आत त्याला पुढची गुहा गाठायची असे. सगळा बाजार त्याला कंदीलवाला म्हणायचा. पहिल्या गुहेची धून वेगळी, दुसरीची वेगळी. तेल संपत आलं की तीच धून धापा टाकत पळू लागायची. मग तो खडकाला आपटायचा, चार सूर पायऱ्यांवरून डबा गडगडावा तसे खाली यायचे, शेवटचा धप्प, आणि शांतता. दिवसभर हेच. तिसरी गुहा पाण्याची होती. तिथवर फार थोडे पोचायचे, त्यामुळे पाण्यातली धून क्वचित ऐकू यायची. मशीनची पाठ आमच्या पॅकिंगच्या खोलीच्या फळ्यांना टेकलेली होती.

मला त्या आवाजाचा तिटकारा होता, कारण मी पियानो शिकत होते. खरा पियानो. स्टेशनापलीकडे मिसेस पिंटो राहायच्या. त्यांचे यजमान घाटात गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या इंजिनांवर ड्रायव्हर होते. ते गेल्यावर बाईंनी भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या आणि त्यांपैकी एक जवळजवळ सगळी पियानोने भरली. आम्ही मुली त्यांना मिस म्हणायचो. आप्पांना मुलीला इंग्लिश वळण हवं होतं, मिसना माझी बोटं लांब वाटली, आणि मी लहानपणापासून त्यांच्याकडे जायला लागले. मी चांगली वाजवायची. विलायतेच्या परीक्षा देत होते, त्यात पहिल्या वर्गात पास होत होते. घरी पियानो नव्हता, म्हणून चिक्कीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी पट्ट्या आखल्या होत्या, काळ्या-पांढऱ्या, मापात. रोज संध्याकाळी तो पुठ्ठा टेबलावर ठेवून मी बोटं चालवायची आणि सूर मनात ऐकायची. माझ्या मनात एकही सूर चुकत नसे.

त्या वर्षी मिसनी सांगितलं की नाताळानंतर त्या कायमच्या मुलीकडे, बेंगळुरूला जाणार. पियानो एवढा लांब नेणं होणार नव्हतं. "माझ्या मुलींपैकी एकीला देऊन जाईन," त्या म्हणाल्या. त्यांच्या मुली म्हणजे मी आणि आणखी दोघी शिकणाऱ्या, आणि त्या दोघी लग्नात आलेल्या नकोशा भेटवस्तूकडे बघावं तसं पियानोकडे बघायच्या. त्यामुळे पियानो कुणाचा, हे कुणी बोलायची गरज नव्हती. आप्पांनी सुतळी घेऊन जिना मोजला. खिडकीशेजारची जागा रिकामी करून आईने तिथली धान्याची कोठी हलवली. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत झोपायची.

त्याच सुमाराला मंदा आली. मंदा माझी आतेबहीण, माझ्याहून थोडी लहान. पवनेच्या बाजूला, कामशेतपासून आत, आत्याचं गाव. तिथे शाळा सातवीला संपायची. आत्या तिला घेऊन आली ती आंबेमोहोराचं गाठोडं आणि ओढ्यातले जिवंत खेकडे घेऊन. पिशवी स्वयंपाकघरात ठेवली तर ती आपली आपण खडखडत फळीखाली निघाली. आईने किंचाळून पाय वर घेतले. मंदाने खाली वाकून पिशवीला दटावलं, "गप बसा रं, मामी भ्याली." पहिल्या दिवसापासून ती अशी होती. कामाला आळशी, तोंडाने तिखट, आणि घरातलं प्रत्येक माणूस तिच्यावर खूश. मी एवढी वर्षं त्या घरात नीट वागत आले होते, पण माझ्या नीट वागण्यावर कुणी कधी हसून लोटपोट झालं नव्हतं.

चिक्की गुंडाळायला ती नेहमी भिंतीला लागून बसायची. मला वाटलं, टेकायला. तिचं गुंडाळणं वाईट, कागदाची टोकं वाकडी, आणि दर चार वड्यांमागे एक तोंडात. पण मशीन चालू झालं की तिचे हात थांबायचे. रविवारी पुण्याहून कॉलेजातला एक काटकुळा मुलगा यायचा, तो पाण्याच्या गुहेपर्यंत हमखास पोचायचा. तो आला की मंदा फळीला कान लावून बसायची आणि बोलणाऱ्याला हाताने गप्प करायची, आप्पांनासुद्धा. मुलींनी पुढे जाऊन मशीनवर खेळायची पद्धत आमच्या घरात नव्हती. पडदा तिने येता-जाता बघितला असेल तेवढाच. तिला कंदीलवाला ठाऊक होता तो पाठीमागून.

माझ्या पुठ्ठ्याच्या पियानोवर एकदा तिने बोट दाबून बघितलं. "ताई, तुझा पियानो मुका हाय."

"तो सरावासाठी आहे."

"आन् चुकलं तर कळतं कसं?"

मी पुठ्ठा तिच्या बोटाखालून ओढून घेतला.

आईला मला एकटीला रेल्वेच्या पुलावरून पलीकडे पाठवायचं नसे, म्हणून मंदा सोबतीला यायची. छत्री झटकून दाराजवळच्या स्टुलावर बसायची आणि माझा धडा होईपर्यंत बुटांच्या नाड्यांशी चाळा करायची. एके दिवशी धडा संपला आणि मिस चहा टाकायला आत गेल्या.

"ताई, ह्याच्यात ती पाण्यातली धून निघंल का गं?"

"कुठली पाण्यातली?"

"आपल्या मशिनीतली. कंदीलवाला पाण्यात उतरतो तवाची."

"हा पियानो आहे, मंदा. खेळणं नाही."

"ते दिसतंय मला. निघंल का, ते इचारलं."

ती उठून आली. बसली नाही, उभीच राहिली. आणि तिने आधी डावा हात ठेवला. पियानोला नवीन माणूस नेहमी उजव्या हाताने, वरच्या पट्ट्यांवर काहीतरी टिंगटिंग करून बघतो. पण मशीनच्या पाठीमागून तिला जे ऐकू यायचं त्यात खालचे सूर मोठे आणि वरचे लांबचे होते. तिने चाचपडत तीन जाड सूर शोधले, ते एकामागे एक झुलवत ठेवले, भरल्या विहिरीत पोहरा डोलावा तसे, आणि मग त्याच्यावर, घाई न करता, उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती धून. मी ती धून कितीतरी रविवारी ऐकली होती आणि एकदाही ऐकली नव्हती. धून वर चढत होती तेवढ्यात मंदाने मध्येच ती तोडली, चार सूर गडगडत खाली आणले, शेवटचा मुठीने धप्प मारला आणि हात काढून घेतला.

मिस दारात उभ्या होत्या, हातात चहाचं भांडं. "थांबलीस का, बेबी?"

"पडला की तो."

"कोण पडला?"

"कंदीलवाला. तितं खडक येतो. लय जण तितंच पडत्यात."

मिसनी भांडं पियानोवरच ठेवलं. माझा पेन्सिलीचा डबासुद्धा त्यांनी कधी तिथे ठेवू दिला नव्हता. "पुन्हा वाजव." मंदाने पुन्हा वाजवली. या वेळी धून खडकाच्या जागेपलीकडे गेली आणि बऱ्याच पुढे जाऊन पडली.

"आता इथे कशी?"

"ह्यो दुसरा गडी हाय. ह्याला जरा जास्त जमतंय."

मिस हसल्या. डोळे पुसत हसल्या, भिंतीला हात लावून हसल्या. मी त्यांना नीट इंग्रजीत समजावून सांगितलं की ते चार सूर धुनीचे नाहीतच, खेळणारा हरला की मशीन तो वेगळा आवाज करतं, आणि मंदाला वाटतंय की धून अशीच संपते. "आय नो, विद्या," त्या म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्या दिवसापासून माझा तास बारीक होत गेला. आधी मिस मंदाला माझ्यानंतर थोडा वेळ बसवायच्या. मग माझ्या धड्याच्या मध्येच, "विद्या, जरा सरकतेस?" त्यांनी तिला स्वर वाचायला शिकवायचा प्रयत्न केला. मंदाने कागदाकडे बघून सांगितलं, "मिस, ह्या मुंग्या माझ्यानं न्हाई वाचवत," आणि मिसनी तो कागद मिटून माझ्या हातात दिला. माझ्यावर त्या कधी ओरडल्या नाहीत, माझं शिकवणं कमी केलं नाही, परीक्षेत वाजवायचे तुकडे तपासून घेतले. फक्त माझं वाजवणं चालू असताना त्यांचे डोळे खिडकीबाहेर जायला लागले. मंदाच्या वेळी त्या पियानोच्या इतक्या जवळ उभ्या राहायच्या की त्यांचा पदर पट्ट्यांवर यायचा.

मराठीत याला हेवा म्हणतात. शब्द फार गोड आहे, त्याच्यात कुणाचं काही जळत नाही. माझं जळत होतं. जेवताना मंदाची बोटं ताटाच्या कडेवर चालायची आणि माझा घास फिरायचा. आई कौतुकाने म्हणायची, "बघा, पोरीच्या हातात काय आहे!" आणि मी स्वतःचे हात टेबलाखाली घ्यायची. मशीन बिघडावं म्हणून मी देवाजवळ मागणं केलं. तो काटकुळा मुलगा रविवारी येताना दिसला की मनातल्या मनात मी त्याला पहिल्याच गुहेत पाडायची. आणि मंदाला यातलं काही कळत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. रात्री पांघरुणात ती मला विचारायची, "ताई, पियानो घरी आला की मला वाजवू देशील ना गं अधनंमधनं?" तिच्याही मनात पियानो माझाच होता.

मिसनी निरोपाची संध्याकाळ ठेवली ती नाताळाआधीच्या रविवारी. पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर नाताळातले तळलेले गोड कलकल आणि केक. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या खुर्चीत. आई, आणि गावाहून मुद्दाम आलेली आत्या. शिकणाऱ्या दोघींची घरची माणसं. केकचा वास बाजारात गेला असावा, कारण खिडकीच्या गजांना बाहेरून दुकानावर खेळणारी सगळी पोरं लटकली होती. मिसनी त्यांना हाकललं नाही.

मी वाजवलं. माझ्या परीक्षेचा सगळ्यात अवघड तुकडा होता, चारी पानं पाठ, आणि एकही सूर हुकला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "ग्वाड वाजिवलंस गं बाई. लय वेळ वाजिवलंस."

मग मंदा बसली. डाव्या हाताचे तीन सूर सुरू झाले मात्र, खिडकीतून एकजण ओरडला, "आरं, आपला कंदीलवाला!" धून खडकाच्या जागेपाशी आली आणि मंदाने ती पाडली. "पडला! पडला!" खिडकी हसून हलायला लागली. आप्पासुद्धा हसले. खिडकीतून ओरड आली, "टाक गं मंदे, आजून एक टाक!" मशीनमध्ये नाणं टाकतात तसं तिने खरंच हवेतल्या हवेत काहीतरी टाकलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी काटकुळा मुलगा ज्या जागी नेहमी हरायचा तिथवर ती आली आणि पडली. आता तर पोरं गजांवर चढली. तिने तिसऱ्यांदा सुरुवात केली.

खडक गेला. काटकुळ्याची जागाही गेली. तिथे पोरं आपोआप गप्प झाली, कारण लोणावळ्यात कुणीही त्याच्या पुढचं ऐकलेलं नव्हतं. मीसुद्धा नव्हतं. ती धून तिथे संपते हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की माझे खांदे आपटायच्या तयारीने वर आले होते. आणि मंदा पुढे वाजवत गेली. तिला ठाऊक नव्हतं पुढे काय आहे. मशीनने तिला ते कधीच सांगितलं नव्हतं. धून अजून एक पायरी चढली, मग बाजूला वळली, मला वाटलं आता चुकली, आणि त्या वळणावरून ती अशी उतरली की सुरुवातीचे तीन सूर खाली वाट बघत उभेच होते. मग डावा हात थांबला. उजवा एकटाच थोडं चालला. मग तोही मांडीवर आला. बाहेर घाट चढून आलेली मालगाडी जात होती, तिच्या आवाजातसुद्धा कुणी खुर्ची सरकवली नाही. मी त्या खोलीत बसून मोजलं की माझ्या आयुष्यात कागदावर नसलेला सूर मी किती वेळा वाजवलाय. मोजायला काहीच नव्हतं.

खिडकीतून कुणीतरी हळूच विचारलं, "पोचला का गं मंदे?"

"पोचला आसंल," मंदा म्हणाली. "मला काय दिसतंय हितनं?"

केक कापायच्या आधी मिसनी मला आतल्या खोलीत बोलावलं. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "विद्या, तू हुशार आहेस, नीटनेटकी आहेस. तुला पियानो कुठेही मिळेल. तिला नाही मिळणार." मला आजवर तो कुठे मिळालेला नाही. मग बाहेर येऊन त्यांनी आप्पांना सांगितलं, "पियानो तुमच्याच घरी येईल. पण तो मंदाचा." आप्पा व्यापारी माणूस. माल कुणाच्या नावावर, यापेक्षा तो कुठल्या गोदामात, हे त्यांना महत्त्वाचं. येताना पुलावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "मिळाला ना शेवटी पियानो!"

हमालांनी तो हातगाडीवरून आणला, वर गोधडी, गोधडीवर दोरखंड. जिन्यात तो अडला. आप्पांनी सुतळीने रुंदी बरोबर मोजली होती, पण जिना मध्ये वळतो हे सुतळीला कसं कळणार? खिडकीशेजारची रिकामी जागा रिकामीच राहिली. पियानो पॅकिंगच्या खोलीत गेला, फळ्यांच्या भिंतीला लावून, पलीकडे मशीन. दोघं पाठीला पाठ लावून उभे. गुळाच्या वासाने मुंग्या लगेच आल्या आणि पट्ट्यांच्या फटींतून रांगेने आतबाहेर करायला लागल्या. मंदा म्हणाली, "बघ ताई, आता ह्या माझ्या मुंग्या." मिसनी जाताना एक काम मात्र मला नेमून दिलं. हवा दमट झाली की पियानोच्या आत एक छोटा विजेचा दिवा लावून ठेवायचा, नाहीतर लाकूड फुगतं. मंदाच्या लक्षात राहिलं नसतं. ते मला सांगितलं.

मला वाजवायचं असलं की मी मंदाला विचारायची, प्रत्येक वेळी, सगळ्यांसमोर, "वाजवू का?" तिला लाज वाटावी म्हणून विचारायची. तिला फक्त आश्चर्य वाटायचं. "वाजव की! मला काय इचारतीस? येडी का काय ताई तू?"

पुढे मशीनचा माणूस येऊन मशीन घेऊन गेला. मंदा दहावीला गणितात अडकली, कामशेतला भाताच्या गिरणीवाल्यांकडे तिचं लग्न झालं. पियानोचं काय, असं आप्पांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या मामा. गिरणीत निस्ता कोंडा जाईल त्यात." मी शिकले, शाळेत इंग्रजी शिकवलं, तुमच्या आजोबांबरोबर गावोगाव फिरले आणि आप्पांच्या मागे याच घरात परत आले. भट्टी बंद झाली. मुंग्या अजून आहेत. दर रविवारी मंदा येते, गर्दीला शिव्या देत, पिशवीत तांदूळ किंवा वालाच्या शेंगा घेऊन. चप्पल काढते ती थेट पियानोकडे. मी चहा ठेवते. तुमचा व्हिडिओ फोन त्याच वेळी येतो, आणि तुम्ही "हाय आजी" म्हणून झालं की पुढे विचारता, "मंदाआजी आहे का?" हे माझ्या लक्षात येत नाही असं समजू नका.

आता मुद्द्याचं. अनया, मंदा कुणाच्या तरी लग्नाला गेली होती त्या रविवारी तू मला तुझं नवं पुस्तक दाखवलंस. जुन्या व्हिडिओ गेम्सचं संगीत, एकट्या पियानोसाठी नीट बसवलेलं. त्यातला एक तुकडा वाजवते म्हणालीस. डाव्या हाताचे तीन सूर ऐकले आणि मी चहाचा कप बाजूला ठेवला. तू पान कॅमेऱ्यासमोर धरलंस तर कोपऱ्यात छोटंसं चित्र, बुटका माणूस, हातात कंदील. तू वाजवत होतीस आणि मी वाट बघत होते. खडक गेला, काटकुळ्याची जागा गेली, आणि इतक्या वर्षांनी मला कळलं की तिथून पुढे ती धून खरी कुठे जाते. ती बाजूला वळत नाही. सरळ चढते आणि सुरुवातीला येऊन मिळते. मंदाचं चुकलं होतं! मला इतका आनंद झाला की गॅसवरचं दूध उतू गेलं. तुझे आजोबा विचारत होते, काय झालं, कुणाचा फोन होता. पंधरा वर्षांच्या मुलीला होतो तसा तो आनंद होता, आणि तो मी आठवडाभर पुरवून वापरला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम सांगितलं, "अनया, मंदाआजीला तो तुकडा ऐकव." मंदाने टॅबलेटला कान लावला, पूर्वी फळीला लावायची तसा. शेवटपर्यंत ऐकलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत उभी.

"चांगलं वाजिवलं पोरीनं," ती म्हणाली. "पण काय गं, ह्यो पडतच न्हाई?"

"कोण पडत नाही?" तू विचारलंस.

मग मंदाने तुला वाजवून दाखवलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. नील खुर्चीवरून खाली पडून दाखवत होता, तू किंचाळत होतीस, "पुन्हा, मंदाआजी, पुन्हा!" पुस्तक तू मिटून टाकलंस. शाळेच्या कार्यक्रमात तुला हेच वाजवायचं आहे, पडण्यासकट, आणि ते लिहून हवं आहे. मंदाला सूर लिहिता येत नाहीत. तेव्हा तू म्हणालीस, "आजी, तू लिहून पाठवशील ना? तुला येतं."

मला येतं. मी पाच रेघांचा कागद आणला, पेन्सिलीला टोक केलं आणि मंदाशेजारी बसले. डावा हात लिहिला, उजवा लिहिला. पण ती दर वेळी वेगळ्या जागी पडायची.

"मंदा, नक्की कुठे पडतो तो?"

"पडंल तितं पडंल."

"कागदावर एकच जागा लिहिता येते."

ती शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "मंग तुज्या मनानं पाड की."

ती कामशेतला गेली आणि मी तो कागद घेऊन पियानोशी बसले. झाकण उघडलं. कुणाला विचारायचं नव्हतं. मी इथे पाडून बघितलं, तिथे पाडून बघितलं. शेजारच्यांना वाटलं असेल की आजीबाईंना काय झालंय. चहा निवला, आजोबांनी स्वतःचं स्वतः वाढून घेतलं. शेवटी एक जागा सापडली.

पानं सोबत पाठवते आहे. वर मंदाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे. कार्यक्रमात ते नीट उच्चार. दुसऱ्या पानावर, तिसऱ्या ओळीत, धून नुकती चढायला लागते तिथे कंदीलवाला पडतो. तिथे खडक नाही. लोणावळ्यात त्या जागी कधीच कुणी पडलं नव्हतं, मंदासुद्धा नाही. अनया, तेवढं जरा जोरात वाजव.